दोन पल्ल्यांची गाडी

झेनन मिखाल्चुकच्या विजेच्या गाडीला दोन पल्ले होते. एक मित्रांना सांगायचा आणि एक आईला सांगायचा.

मित्रांना सांगायचा तो चांगला ऐसपैस होता. विनिपेगच्या क्लबात कर्लिंगचा डाव संपला, बर्फावरून ते जाडजूड दगड सरकवून झाले, की मंडळी वरच्या मजल्यावर बिअर घेऊन बसत. तिथे कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं, "काय झेन, आज पोचशील ना घरी? की ढकलत नेऊ?" झालं! झेनन ग्लास खाली ठेवायचा आणि सुरू व्हायचा. "अरे, माणूस दिवसाला गाडी चालवतो किती? घर ते ऑफिस, ऑफिस ते दुकान. फार तर चाळीस किलोमीटर. आणि गाडी घेताना मागतो किती? सहाशे! कशाला रे सहाशे? वर्षातून चारदा लांब जायचं असतं, तेव्हा वाटेत अर्धा तास थांबा, कॉफी प्या, मुतून या, तेवढ्यात गाडी भरते. बॅटरी कमी नसते, तुमची छाती कमी असते." कर्टिस नावाचा त्याचा जोडीदार "आलं प्रवचन" म्हणून कपाळाला हात लावायचा. पण पुढच्याच वर्षी कर्टिसनेही तसली विजेची गाडी घेतली. झेननच्या शब्दाला इतकं वजन होतं.

आईला सांगायचा पल्ला मात्र आखूड होता.

"मामो, नाही गं पोचत गाडी," तो फोनवर म्हणायचा. आईला तो लहानपणापासून मामोच म्हणे. "थंडीत बॅटरी निम्मी होते. मध्येच बंद पडली तर? त्या रस्त्याला चिटपाखरू नसतं."

"नको रे बाबा, नको येऊस," पलीकडून स्तेफ्का घाईघाईने म्हणायची. "तुझ्या जिवापेक्षा का मला सण मोठा आहे?"

फोन बंद. मग झेननला पाच-दहा मिनिटं कसंतरीच व्हायचं. मग टीव्हीवर हॉकी सुरू व्हायची.

आता, ही सबब अगदीच हवेतली होती असंही नाही. गाडी घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात तो खरंच गेला होता. स्तेफ्काचं गाव डॉफिनच्या पुढे, विनिपेगहून साडेतीनशे किलोमीटर. उणे एकतीसची थंडी, आणि वाटेत भरायची सोय कुठेच नाही. बॅटरीचे टक्के असे भराभरा उतरू लागले, की झेननने आधी सीटची गरमी बंद केली, मग हीटर बंद केला, मग काचेवर वाफ धरली म्हणून खिडकी इंचभर उघडली. पोचला तेव्हा बॅटरीत चार टक्के होते आणि पायांत जीव नव्हता. स्तेफ्काने त्याचे पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवले आणि स्वतः जमिनीवर बसून चोळत राहिली. चोळता चोळता रडायला लागली. "हिवाळ्यात येत जाऊ नकोस रे झेन्को. शपथ आहे तुला." झेननने शपथ अशी काही पटकन घेतली म्हणता!

पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेवर, निम्म्यात, पेट्रोलपंपाशेजारी जलद चार्जर बसला. झेननला ते त्याच दिवशी कळलं. क्लबात त्याने ते सगळ्यांना सांगितलंही. आईला सांगितलं नाही. म्हणजे लपवायचं असं ठरवलं वगैरे नव्हतं. सांगायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागतंच असं नाही. हिवाळ्याची सबब हळूहळू ऑक्टोबरात आली, मग एप्रिललाही पुरू लागली. त्या वर्षी तो जुलैत एकदा जाऊन आला, तेवढाच.

का? तर कंटाळा. दुसरं काही नाही. आईशी भांडण नव्हतं, जमिनीचा वाद नव्हता, काही नाही. तिकडे गेलं की त्याला कंटाळा यायचा. तीच शेगडी, तीच घड्याळाची टिकटिक, कोण आजारी, कोण गेलं, कुणाचं शेत कुणी घेतलं. बाप वारल्यापासून ती एकटीच, आणि हा एकुलता एक. दोन दिवस ती त्याच्या मागे मागे फिरायची. खाऊ घालून घालून जीव नकोसा करायची. आणि निघताना कोट न घालता फाटकापर्यंत येऊन म्हणायची, "आता परत कधी?" ते त्याला सोसायचं नाही. ते तीन शब्द टाळण्यासाठी तो साडेतीनशे किलोमीटर लांब राहायचा, आणि नाव गाडीचं पुढे करायचा.

त्याची बायको लोर्ना फटकळ होती. एकदा त्याने फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "गाडी पोचत नाही, की तू पोचत नाहीस?"

"तुला काय कळतं बॅटरीतलं," झेनन म्हणाला आणि गॅरेजमध्ये निघून गेला. तिथे त्याला काही काम नव्हतं.

या वर्षी ऑक्टोबरात स्तेफ्काने जरा जोर लावला. तिने डॉफिनच्या वृद्धाश्रमात नाव घातलं होतं. वसंतात खोली मिळणार होती. म्हणजे सहा जानेवारीची, जुन्या पंचांगातल्या नाताळच्या आदल्या दिवशीची पवित्र संध्याकाळ या घरात ही शेवटची.

"बाराच्या बारा पदार्थ करणार आहे मी," ती म्हणाली. "गव्हाची गोड कुत्या, बीटाचं बोर्श्ट, कोबीच्या पानांचे होलुब्त्सी, सगळं. तुझे वडील होते तेव्हासारखं. तेवढ्यापुरता ये रे. मग नाही म्हणणार."

"मामो, यायचं एक वेळ जमवीन. पण परत कसा निघू? साध्या प्लगवर दोन-दोन दिवस अडकायला होतं. तुझ्याकडे गाडी पटकन भरायची सोय कुठाय?"

"कसली सोय लागते?"

"मोठा प्लग लागतो. तुझ्या त्या कपडे वाळवायच्या ड्रायरला आहे ना, तसला." त्याचं लक्ष टीव्हीकडे होतं. तो हे सहज बोलून गेला. म्हातारीला दुसरं काही विचारायला सुचू नये, एवढाच हेतू.

"असं होय," स्तेफ्का म्हणाली. आणि तिने फोन ठेवला.

नोव्हेंबरात तिचा पुन्हा फोन. आवाज नुसता खुलला होता. "झेन्को, प्लगचं झालंय हं!"

"मामो, तो बाहेरचा, थंडीत इंजिन गरम ठेवायचा साधा प्लग नाही गं चालत. त्याने दोन दिवस लागतात."

"अरे, तो नव्हे—"

"ठेवतो आता. लोर्ना हाक मारतेय."

लोर्ना घरात नव्हतीही.

डिसेंबरच्या मध्यावर कर्लिंगची स्पर्धा होती, सीमेपलीकडे, फार्गोला. फार्गो म्हणजे विनिपेगपासून साडेतीनशेच्या थोडं वर. झेननने आपली गाडी काढली आणि शेजारी कर्टिस बसला. वाटेत ग्रँड फोर्क्सला थांबले, बर्गर खाल्ले, हात पुसेपर्यंत गाडी भरली. बाहेर उणे बावीस होतं आणि आत दोघे कोट काढून बसले होते.

"तुझी आई असते कुठे रे?" कर्टिसने असंच विचारलं.

"डॉफिनच्या पुढे."

"किती पडतं?"

"साडेतीनशे."

"मग हे एवढंच की!" कर्टिस म्हणाला आणि रेडिओ लावू लागला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण झेननच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने नजर रस्त्यावर रोखली. मनाशी म्हणाला, यंदा सहा तारखेला जाऊच. मग म्हणाला, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला डाव ऐन रंगात असताना फोन आला. नेस्तरकाकांचा. नेस्तरकाका म्हणजे स्तेफ्काचे शेजारी, वडिलांचे जुने दोस्त. ते सहसा फोन करत नसत.

"झेनन, स्तेफ्का पडली रे. काल संध्याकाळी."

"कुठे?"

"मागच्या अंगणात. वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. बर्फावरून पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलंय. डॉफिनला नेलं, आज ऑपरेशन करतायत. तुझा घरचा फोन कुणी उचलला नाही, हा नंबर सकाळी सापडला."

"कपडे? बाहेर? या थंडीत?" झेनन ओरडलाच. "ड्रायर बिघडला का तिचा?"

पलीकडे नेस्तरकाका नुसते खाकरले.

"तू ये आधी," नेस्तरकाका म्हणाले. "आणि गाडीची काळजी करू नको. तुझी नाही पोचत, माहितेय मला. बसने ये, डॉफिनला मी घ्यायला उभा राहतो. अरे, पण तू आहेस कुठे? केवढा आरडाओरडा!"

मागे कुणाचातरी दगड बरोब्बर मधे जाऊन बसला होता आणि लोक टाळ्या पिटत होते.

"घरी," झेनन म्हणाला. "टीव्ही चालू आहे."

कर्टिसला दोन वाक्यांत सांगून तो निघाला. फार्गोहून विनिपेग, विनिपेगहून डॉफिन. एका दिवसात सहाशे सत्तर किलोमीटर. समोरून वारा असा, की रस्त्यावरून बर्फाचा भुगा सापासारखा सरपटत येत होता. तीनदा थांबला, तीनदा गाडी भरली, तीनदा निघाला. बॅटरी किती, पोचेन का, हे त्याच्या मनातही आलं नाही. निम्म्या वाटेवरच्या त्या चार्जरशी उभा राहिला तेव्हा मात्र त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की शेजारच्या गाडीतल्या बाईने हसून 'थंडी आहे ना' म्हटलं, तर त्याने मान फिरवली. या खांबाशी तो पहिल्यांदाच उभा होता. खांब दीड वर्षापासून तिथेच होता.

तो पोचला तोवर ऑपरेशन झालं होतं. ती गुंगीत होती. नर्स म्हणाली, "ठीक आहेत. उद्या बोला. येताना त्यांचा चष्मा, चपला आणि ती डोक्याची ओढणी घेऊन या, सारखी मागत होत्या." झेननने नेस्तरकाकांना फोन केला, दवाखान्याजवळच्या मोटेलात रात्र काढली आणि सकाळी गावी गेला.

नेस्तरकाका फाटकातच उभे होते. त्यांनी आधी झेननला पाहिलं, मग गाडीला.

"ही? हिनेच आलास?"

"हो."

"पोचली?"

"पोचली."

"अरे वा!" म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला, की झेननला खाली बघावं लागलं. "म्हणजे जमतं तर! सकाळच्या कॉफीला आम्ही बसतो ना दुकानात, तिथे सगळे हसतात तुझ्या गाडीला. खेळणं म्हणतात. स्तेफ्का एकटी भांडते सगळ्यांशी. चल, चल, आधी इकडे ये. तुला दाखवायचंय."

ते त्याला घरामागच्या पडवीत घेऊन गेले. ड्रायर तिथे नव्हता. त्याच्या जागी जमिनीवर एक चौकोन, बाकी फरशीपेक्षा उजळ, घासूनपुसून लख्ख केलेला. भिंतीवर मोठा प्लग, तोही पुसलेला. प्लगच्या बाजूला भिंतीला आरपार भोक पाडून प्लॅस्टिकची नळी बसवली होती, आणि वारा आत येऊ नये म्हणून तीत लोकरी मोजा कोंबला होता.

"तुझी वायर बाहेरून आत घ्यायला," नेस्तरकाका अभिमानाने म्हणाले. "भोक मी पाडलं. दुकानातल्या पोराला विचारून माप घेतलं, वायर अडकायला नको."

"आणि ड्रायर?"

"चर्चला दिला. तळघरातल्या स्वयंपाकघरात ठेवलाय, टेबलांच्या चादरी वाळवायला." नेस्तरकाकांनी टोपी मागे सारली. "मी म्हटलं होतं तिला, बाई, देऊ नको. झेनन आला की मी ड्रायर ओढून बाजूला घेईन, प्लग मोकळा करून देईन. ऐकते का? म्हणे, तो न सांगता आला तर? तेव्हा तू घरी नसलास तर? माझ्याने ते धूड हलायचं नाही. प्लग मोकळाच हवा."

झेननने तोंड फिरवलं. मागच्या दाराच्या काचेतून अंगण दिसत होतं. दोरीवर एक चादर आणि दोन उशांचे अभ्रे अजून तसेच होते, गोठून फळीसारखे ताठ. खाली बर्फात टोपली उलथी पडली होती, आणि बर्फ जिथे तुडवलं गेलं होतं तिथे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"चादर कुणाची आहे?" त्याने कसंबसं विचारलं.

"तुझ्या खोलीतली. सणाला येणार म्हणून धुतली असेल. मी दिवेलागणीला पाहिलं, कपडे अजून दोरीवर. स्तेफ्का कपडे अंधारात ठेवणारी नव्हे. म्हणून बघायला आलो." नेस्तरकाकांनी नाक पुसलं आणि एकदम म्हणाले, "चल, लाव बघू वायर! चालतंय का ते तर बघू."

"आत्ता नको, काका."

"अरे, लाव! तिला सांगायला काहीतरी होईल."

झेननने गाडी घरामागे आणली आणि वायर काढली. बाहेरून नळीत सारली, आतून नेस्तरकाकांनी ओढून घेतली आणि प्लगमध्ये खटकन बसवली. गाडीवरचा हिरवा दिवा लागला. किती साधी गोष्ट! वायर पुरून वर हातभर उरली. म्हातारा पडवीतून अंगणात धावत आला, दिवा बघून त्याने झेननच्या पाठीवर थाप मारली आणि लहान पोरासारखा हसला. झेननला वाटलं, याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. हिरव्या दिव्याकडे बघत तो त्या थंडीत उभा राहिला. ही सोय त्याने मागितली होती. स्वतःच्या तोंडाने. आणि ती केली असं सांगायला आईने फोन केला, तर त्याने तिचं वाक्यही पुरं ऐकून घेतलं नव्हतं.

"मी होतो पुढे," झेनन म्हणाला. चष्मा, चपला आणि ओढणी घेऊन तो निघाला. नेस्तरकाका त्यांच्या ट्रकने मागून येतो म्हणाले, वाटेत चर्चमध्ये निरोप द्यायचा होता.

स्तेफ्का जागी होती. उशीत ती इतकीशी दिसत होती, की दारातून त्याला क्षणभर वाटलं, खोली चुकली.

"आलास?" तिने हात पुढे केला. "पाय गार पडले का रे?"

"नाही, मामो."

"हीटर चालू ठेवला होतास ना? बंद नव्हता केलास?"

"चालू होता."

"आणि प्लग? प्लग पाहिलास?" तिचे डोळे चमकले. "नेस्तर म्हणाला, भोक पाडू नको, घर विकताना लोक नावं ठेवतील. मी म्हटलं, ठेवू देत. घराला भोक पडलं तर पडलं. माझ्या पोराला वाटेत गाडी बंद पडण्याची धास्ती नको. आणि ही नर्स चांगली आहे हं. सकाळी म्हणाली, मुलगा एरवी गावी का नाही येत? मी तिला सगळं समजावून सांगितलं, बॅटरीचं, टक्क्यांचं. तू सांगतोस तस्संच."

झेनन खुर्चीवर बसला. ओढणीची घडी त्याच्या हातात तशीच होती. आपण हे बोललो नाही तर आपल्याला या खोलीत बसता येणार नाही, असं त्याला वाटलं. आणि तो बोलला.

"मामो, गाडी पोचत होती."

"अं?"

"गाडी पोचत होती. पहिला हिवाळा सोडला तर... वाटेत चार्जर झालाय. दीड वर्ष झालं. अर्धा तास थांबलं की पुरतं. मला माहीत होतं." तो थांबला. पण एकदा तोंड उघडलं की माणूस सगळंच ओकतो. "परवा मी फार्गोला गेलो होतो. खेळायला. तेही एवढंच लांब. काल नेस्तरकाकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. घरी नव्हतो. मी खोटं बोललो, मामो. दीड वर्ष खोटं बोललो. तू माझ्यासाठी ड्रायर दिलास आणि... माझ्यामुळे पडलीस तू."

तो रडत होता. रडताना त्याला, खरं सांगायचं तर, जरा हलकंही वाटत होतं.

स्तेफ्काची बोटं पांघरुणाची कड सारखी करत होती. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"मला वाटायचं, गाडीचंच आहे," ती शेवटी म्हणाली.

"मामो—"

"बरं होतं ते." ती छताकडे बघत होती. "फोन ठेवला ना, की मी रोज त्या गाडीला शिव्या घालायची. मेली, म्हणायची, माझ्या पोराला अडवून ठेवते. चुलीत घाला म्हणायची तिला. पण तुला कधी एक शब्द बोलले नाही. मनातसुद्धा नाही." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याने आनंदाने सोसला असता. "आता कुणाला घालू रे शिव्या?"

"मला घाल ना. मला घाल."

"ते का जमणार आहे मला?" ती म्हणाली. "हे मला कशाला सांगितलंस, झेन्को?"

"मनाला खात होतं."

"तुझ्या मनाला," स्तेफ्का म्हणाली. मग ओढणीसाठी हात पुढे केला. झेननने ती दिली. तिने ती डोक्याला बांधायचा प्रयत्न केला, हात वर जाईनात. तो बांधायला उठला तर तिने डोकं जरासं बाजूला घेतलं. नकळत असेल. ओढणी तिने तशीच छातीवर धरून ठेवली.

झेननला कळलं, की आपण आपलं ओझं उतरवून ठेवलं खरं, पण ठेवलं ते हिच्या अंगावर. मोडलेल्या खुब्याच्या बाईवर. इतके दिवस तिच्याजवळ एक गोष्ट होती, पोराला यायचं असतं पण येता येत नाही, ही. त्या गोष्टीच्या आधाराने ती कॉफीच्या टेबलावर भांडायची, चादरी धुवायची. ती त्याने आज काढून घेतली, आणि वर तिच्यासमोर रडला. त्याला शब्द परत घ्यावेसे वाटले. म्हणावंसं वाटलं, खोटं बोललो मामो, पोचत नव्हती गाडी.

दार ढकलून नेस्तरकाका आत आले. गालांवर थंडीची लाली, टोपी हातात.

"स्तेफ्का! प्लग चालतोय! माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हिरवा दिवा! सांगितलं का नाही याने?" त्यांचा आवाज खोलीत मावत नव्हता. "आता काही प्रश्नच नाही. सहा तारखेला तू इथेच असशील म्हणे, नर्स म्हणाली. मग इथेच मांडू. बायका बारा पदार्थ करून आणतो म्हणाल्यात चर्चमधून. आणि झेनन येईलच."

"येणार," झेनन चटकन म्हणाला. "येणारच, मामो. आदल्या दिवशी येतो. राहतो आठवडाभर."

"नको," स्तेफ्का म्हणाली.

"अगं, पण—"

"नको, नेस्तर. जानेवारीत कडाक्याची थंडी असते. विजेची गाडी ती. नाही पोचत."

नेस्तरकाका गोंधळले. "असं काय करतेस? काल तर आला की!"

"काल वारा मागून होता," स्तेफ्का म्हणाली. आवाज अगदी शांत, सवयीचा. कॉफीच्या टेबलावर ती असंच बोलत असणार. "मागून वारा असला की पोचते कधीमधी. एरवी नाही. त्याचा काय दोष त्यात?" मग तिने झेननकडे पाहिलं. "हो ना रे?"

नेस्तरकाकांनी साठ वर्षं याच मातीत गहू पेरला होता. काल वारा वायव्येचा होता, विनिपेगहून येणाऱ्याच्या थेट तोंडावर, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी स्तेफ्काकडे पाहिलं, मग झेननच्या रडक्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. टोपी डोक्यावर घालून खिडकीपाशी जाऊन, पाठ करून उभे राहिले.

स्तेफ्का अजून उत्तराची वाट बघत होती.

"हो, मामो," झेनन म्हणाला. "वारा मागून होता."